अधोली फुटली ती सुगी

भिसेगावच्या माझ्या दाजींनी मला फसवलं. नुसतं फसवलं असतं तर मी व्यापारी माणूस आहे, दोन शिव्या देऊन विसरलो असतो. त्यांनी मला फसवलं आणि वर चारचौघांत मला माफही केलं. त्या माफीखाली मी आठ वर्षं मान घालून वावरलो. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे मी पेंढ्याच्या वासाबद्दल आणि धुक्याबद्दल लिहायला लागलो, तर हा सुगीचं कौतुक करायला बसलाय असं कोणी समजू नये.

कार्तिक अर्धा सरला की तो वास कर्जतच्या बाजारात माझ्या दुकानापर्यंत येतो. कापलेल्या भाताच्या देठांचा वास, थोडा गोड, थोडा कुजका. सकाळी उल्हास नदीवरचं धुकं बाजारात शिरतं, गाडीवानांच्या घोंगड्या ओल्या होतात आणि कडावच्या बाजूने पेंढ्याच्या पहिल्या गाड्या येतात. बैलांच्या शिंगांत काड्या अडकलेल्या असतात. याच दिवसांत शहरातून पाहुणे येतात, बांधावर उभे राहून छाती भरून श्वास घेतात आणि काय हवा आहे म्हणतात. त्यांच्या मानेला भाताचं कुसळ कधी चिकटलेलं नसतं. ते एकदा चिकटलं की दोन अंघोळी करूनही चावत राहतं. बांधावरच्या त्या पाहुण्यांना मी माझ्या दुकानातून बघतो आणि मला त्यांची कीवही येत नाही.

मी वेंधळा माणूस आहे, लहानपणापासून. आमच्या कडाव गावात याला धांदरट, धसमुसळा, आंधळा असे पुष्कळ शब्द आहेत आणि ते सगळे मला लागलेले आहेत. डोळे माझे चांगले, कान चांगले. फक्त माझे हातपाय मला वाटतं त्याच्यापेक्षा चार बोटं पुढे संपतात. आमच्याकडे पावसाच्या झडीसाठी घरांची छपरं खाली ओढलेली असतात. दारात वाकून शिरायचं हे रांगत्या पोरालाही कळतं. मी प्रत्येक घरात कपाळ आपटूनच शिरलो. आतल्या बाया चुलीपुढून मान न वळवता म्हणायच्या, "दामू आला वाटतं."

आई ओटी सारवायची, तेव्हा ती वाळेपर्यंत कडेने एक फळी टाकायची. सगळे फळीवरून जायचे. मीही फळीवरूनच जायचो, पण माझ्याखाली ती उलटायची. मग ओल्या शेणात माझं पाऊल उमटायचं आणि तसंच वाळायचं. पुढच्या सारवणापर्यंत येणाराजाणारा ते पाऊल बघून जायचा. शाळेत दौत सांडली ती माझ्या हातून, आणि सांडली ती मास्तरांच्या कोटाजवळ. थोरल्या बहिणीच्या, यमूअक्काच्या लग्नात मला मठ्ठा वाढायला दिला होता. दुसऱ्याच पंगतीत अर्धं भांडं विहीणबाईंच्या मांडीवर गेलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, कारण मग सगळ्या मांडवाने त्यांच्याऐवजी बोलायचं ठरवलं. पुढच्या लग्नात मला मीठ वाढायला दिलं, डाग पडत नाही म्हणून. मीठ सांडणं वाईट असं कोणालातरी आठवलं, तेव्हा मला मांडवाबाहेर चपला सांभाळायला बसवलं. तिथेही दोन जोड बदलले गेले, पण ते पाहुण्यांनी बदलले. नाव माझं झालं.

हसणाऱ्यांचा मला तेवढा राग नाही. राग येतो तो सांभाळून घेणाऱ्यांचा. मी आलो की पाण्याचा तांब्या उचलून बाजूला ठेवतात, पोराला जवळ ओढतात, दिव्याला हात आडवा धरतात, आणि हे सगळं बोलणं चालू ठेवून करतात, जणू मला दिसत नाही. मी दिसणारं सगळं बघत बघत मोठा झालो. एखाद्याने मला शिवी दिली तर मी दुप्पट देतो. पण तांब्या बाजूला ठेवणाऱ्याला काय देणार? त्याचे आभार मानावे लागतात.

अशा माणसाच्या जिभेवर एक वाक्य तयार बसलेलं असतं: माझं चुकलं. मागे काहीतरी वाजलं की ते बाहेर पडतं. आधी माझं चुकलं म्हणायचं, मग वळून बघायचं काय झालं. सवयच ती. उंबऱ्याला ठेच लागली तरी मी उंबऱ्याला तेच म्हणत असेन. बाजारात मात्र हे वाक्य माझ्या तोंडून कोणी ऐकलेलं नाही. खालापूरपासून शेलूपर्यंत गवतवाल्यांना विचारा. मी पहिल्या शब्दाला कधी हो म्हणत नाही, दुसऱ्याला उठून चालू लागतो आणि तिसऱ्यासाठी माणूस माझ्यामागे बांधापर्यंत येतो. आयुष्यात एकच सौदा मी पहिल्या शब्दाला पक्का केला, तोही समोरच्याने तोंड उघडायच्या आत. तोच हा.

दाजींबद्दल सांगतो. दाजी म्हणजे यमूअक्काचे यजमान. घर भिसेगावला, नोकरी कचेरीत कारकुनाची. त्यांच्या हातून आजवर काही सांडलेलं नाही. भर चिखलातून चालत कडावला यायचे आणि धोतरावर ठिपका नसायचा. वर्तमानपत्र वाचून झालं की जुन्या घडीवरच घडी घालायचे, उघडलंच नव्हतं असं वाटावं. सुपारी कातरताना कातरण धोतराच्या सोग्यात घ्यायचे, सोगा अंगणात झटकायचे आणि परत सारखा करायचे. चहा बशीत ओतला की बशीच्या कडेपर्यंत यायचा आणि तिथे थांबायचा. आमचे आबा, म्हणजे वडील, हे सगळं टक लावून बघायचे. मग माझ्याकडे बघायचे. "मानूस असावा तर असा," एवढंच म्हणायचे. मी तेव्हा दाजींना मानत होतो, हे लिहिताना आज माझा मलाच संताप येतो. मी त्यांच्यासारखा बशीत चहा ओतायचा प्रयत्न एकट्याने करत असे. ज्या माणसाला काही सांडत नाही तो माणूस चांगला, असं मला खरोखर वाटत होतं. नीट घडी घातलेल्या पंच्यात काय बांधलंय हे उलगडल्याशिवाय कळत नाही, एवढी साधी गोष्ट मला बाजारात कळायची आणि घरात कळत नव्हती.

लढाई सुरू होऊन एक वर्ष झालं होतं, त्या कार्तिकाची गोष्ट. तशी सुगी मी पुन्हा पाहिली नाही. पाऊस वेळेवर थांबला होता आणि भात काठोकाठ पिवळं होतं. दिवसभर झोडणीचा आवाज यायचा. मूठभर धरलेली पेंडी ओंडक्यावर आपटली की आधी धप्प आणि मागोमाग दाणे सांडल्याची सर. दुपारी वारा सुटला की चांगुणा उंच धरलेल्या सुपातून भात सोडायची आणि फोल उडून हवेत जायचं, उन्हात सोन्याचा धूर दिसायचा. चांगुणा आमच्याकडे वारवणीला दरवर्षी येणारी बाई. बोलायची कमी. खळं शेणाने सारवून घट्ट केलेलं, त्याच्या मध्यावर रास वाढत जायची आणि रोज सकाळी तिच्यावर दव पडलेलं असायचं. त्या दिवसांत मला भूक फार लागायची. खळ्यावरच भाकरी, सुकट आणि कांदा. भाकरीतही कुसळ यायचं, ते थुंकून टाकायचं आणि पुढचा घास घ्यायचा.

आमच्या घरी रास मोजायची एक रीत होती. अधोली म्हणून भात मोजायचं लाकडी माप असतं. आमची अधोली आजोबांच्या वेळची, शिवणीच्या लाकडाची, वर पितळेची पट्टी, हात लागून लागून काळी तुळतुळीत झालेली. रास पुरी झाली की तिच्याभोवती राखेची रेघ ओढायची, अधोलीला कुंकू लावायचं, नारळ ठेवायचा. मग घरच्या कर्त्याने पूर्वेकडे तोंड करून पहिलं माप भरायचं. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, मग दोन, मग तीन. मोजणी संपेपर्यंत खळ्यावर कोणी बोलायचं नाही. माप भरणारा जो, तो घराचा कर्ता. कागदावर काय लिहिलंय ते गावात कोणी बघत नसे, लाभ कोण म्हणतो ते बघत.

त्या वर्षी आबांच्या डोळ्यांवर सारा आला होता. कापणीच्या आधी आठ दिवस ते ओटीवर बसून मला म्हणाले, "यंदा माप तू भर रं, दामू. माजी नजर नाय ठरत." मी बावीस वर्षांचा होतो. मला आयुष्यात कोणी पाण्याचा पेला दोन्ही हातांत दिल्याशिवाय सोडला नव्हता आणि आबा मला अधोली देत होते.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. त्यानंतर सात दिवस मी पहाटे ती अधोली घोंगडीत गुंडाळून पेज नदीवर नेत होतो. वाळूत बसून माप भरायचो, तळहाताने वरून सारखं करायचो, उचलायचो, पाटीत ओतायचो. पहिल्या दिवशी वाळू गुडघ्यांवर सांडली. चौथ्या दिवशी कमी. सातव्या दिवशी सूर्य वर येईपर्यंत मी भरत होतो आणि कण सांडला नाही. नदी थंड होती, बोटं आखडायची, समोरच्या झाडावर बगळे बसलेले असायचे. मी त्यांना हळूच लाभ म्हणून दाखवायचो. सात दिवस ती अधोली मी निसरड्या दगडांवरून नेली आणि आणली. सात दिवसांत ती एकदाही माझ्या हातून पडली नाही. ही गोष्ट मीच नंतर विसरलो, याचा राग दाजींवर काढावा की स्वतःवर, ते अजून ठरलेलं नाही.

राशीला जावयाला बोलवायची रीत होती. दाजी सकाळीच आले, पांढरेशुभ्र. पूजा मांडली. अधोली खळ्याच्या पूर्वेच्या कडेला एका पाटावर ठेवली होती. त्या बाजूला खळं उंच आहे आणि खाली ओढ्याचे काळे दगड. आबा डोळे मिटून हात जोडून उभे होते, आई उदबत्ती लावत होती, बाकी सगळ्यांची तोंडं राशीकडे. मी नारळ उचलला आणि तो माझ्या हातून निसटला. हे मात्र खरं, नारळ मीच पाडला. तो घरंगळत दाजींच्या पायांजवळून पुढे गेला, मी त्याच्यामागे वाकलो, आणि माझ्या मागच्या बाजूला खाली दगडांवर काहीतरी आपटलं. लाकूड फुटल्याचा आवाज सुका असतो.

मी वाकलेलाच होतो. वर बघायच्या आधी म्हणालो, "माझं चुकलं, आबा."

मग वळून बघितलं. पाटावर अधोली नव्हती. खाली दगडांत पडली होती, वरपासून बुडापर्यंत चीर गेलेली, पितळेची पट्टी सुटून बाजूला. तेवढ्यात दाजींचा हात माझ्या खांद्यावर आला. "असू दे, असू दे. होतं असं," ते म्हणाले. "मुद्दाम केलं नाही त्याने, आबा." किती मऊ आवाज होता. आई त्यांच्याकडे कृतज्ञतेने बघत होती. मीही बघितलं.

आबा खाली उतरले, अधोली उचलली आणि उजेडाकडे धरून तिच्या चिरेतून बघितलं. मला वाटलं मारतील. मारलं नाही. शेजारच्या खळ्यावरून दुसऱ्याची अधोली मागून आणायला सांगितलं, आणि ती आल्यावर म्हणाले, "दाजी, माप तुमीच भरा." दाजींनी एकदा नको म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं नाही. मी राखेच्या रेघेबाहेर जाऊन उभा राहिलो. मला कोणी जा म्हणालं नव्हतं. दाजींनी सोगा खोचला आणि लाभ म्हणाले. एक दाणा सांडला नाही.

त्यानंतर दरवर्षी दाजीच माप भरतात. आबा आणखी दोन सुग्या होते. शेवटच्या दुखण्यात त्यांनी पाणी मागितलं, मी पेला घेऊन गेलो. त्यांना दिसत नव्हतं, पण पावलांवरून ओळखलं असावं. आईला म्हणाले, "घे गं त्याच्या हातातनं." आईने घेतला. पेला भरलेला होता, काठोकाठ, आणि मी ओटीवरून खाटेपर्यंत थेंब न सांडता आणला होता. ते त्यांना दिसायचं राहिलं.

मी मात्र पहिल्या सुगीनंतरच घर सोडलं होतं. कर्जतला आलो, आधी दुसऱ्याच्या गवताच्या गासड्या चढवल्या, मग स्वतः गवत घेऊ लागलो. लढाईचे दिवस होते, घोड्याखेचरांना गवत लागत होतं. माझ्या वेंधळेपणाचा मला तिथे असा उपयोग झाला की सांगायला लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. खालापूरच्या बाजूला एका गवतमालकाच्या अंगणात मी बाजेला अडखळून सरळ त्याच्या चाऱ्यावर आडवा झालो. तो पोट धरून हसला. जो माणूस आपल्यासमोर पडला त्याच्यापासून सावध राहायचं कोणाला सुचत नाही. हसता हसता त्याने मला खरा भाव सांगितला, आधीच्या व्यापाऱ्याने काय देऊ केलं तेही सांगितलं. मी अंगावरच्या काड्या झटकल्या आणि सौदा केला. तो पुढे वर्षभर हसला नाही. हे लोक मला मूर्ख समजतात, आणि मला मूर्ख समजणाऱ्यांच्या जिवावर माझं दुकान उभं राहिलं आहे. घरी बायकोने सगळी भांडी पितळेची घेतली आहेत. काच आणि चिनी माती आमच्या घरात नाही. पडलं तर वाजेल, फुटणार नाही, असं ती म्हणते. एवढी समजूत माझ्याबद्दल दुसऱ्या कोणी दाखवलेली नाही.

यंदा दिवाळीनंतर मी पेंढा बघायला कडावला गेलो होतो. चांगुणा आता म्हातारी झाली आहे, वारवणीला जात नाही, अंगणात उन्हाला बसते. मी तिच्या दारात उभा राहून बोलत होतो आणि मागे सूप उपडं झाल्याचा आवाज आला. सगळी नाचणी अंगणात.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

चांगुणा हसायला लागली. "कोंबडीनं सांडलं, शेट. ती बघा. तुमी कशाला म्हनता?" कोंबडी तिथेच उभी होती, नाचणी टिपत. मीही हसलो. मग ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "तवा बी असंच म्हनला व्हतात. अधोली पडली तवा."

मी विचारलं, असंच म्हणजे काय. तिने पदर तोंडावर धरला. नको ते तोंडून गेलं हे तिला कळलं होतं. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. बाजारात मी फार ओरडतो, पण ज्याच्याकडून खरं काढायचं असतं त्याच्यासमोर मी ओरडत नाही.

मग तिने सांगितलं. ती सूप घेऊन कोपऱ्यात उभी होती, तिथून सगळं दिसत होतं. नारळ घरंगळत आला तसे दाजी मागे सरकले, धोतराला कुंकू लागू नये म्हणून. मागे न बघता सरकले. त्यांची टाच पाटाला लागली आणि अधोली गेली. मी त्या वेळी दोन हात लांब होतो, वाकलेला, पाठमोरा.

"तुमी पार हिकडं व्हतात," ती म्हणाली. "तुमचा पाय तिथं पोचलाच नसता."

तू बोलली का नाहीस, असं मी विचारलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, की आठ वर्षांत बाजाराने मला काय शिकवलं असा मलाच प्रश्न पडला. "तुमी सोता म्हनलात चुकलं. मालकाच्या पोराला मी खोटं पाडू? आन जावयाचं नाव घेऊ? मंग दुसऱ्या साली माजं सूप तुमच्या खळ्यावर फिरलं असतं व्हय?" तिचं बरोबर होतं. तिच्यावर मी रागावलेलो नाही. नाचणी मी वेचायला लागलो, तेव्हा मात्र तिने सूप माझ्यापासून लांब ओढलं.

घरी परत येताना मी पेज नदीवर थांबलो. तीच वाळू, तेच दगड, बगळे. मी आठवायचा प्रयत्न केला की त्या दिवशी माझा पाय कुठे होता. आठवेना. ज्याच्याबद्दल सगळ्या गावाचं आधीच ठरलेलं असतं त्याला स्वतःच्या पायाची साक्ष काढावीशी वाटत नाही. तो गावाचं ऐकतो. चोरालासुद्धा कोणी विचारतं, तू घेतलंस का रे म्हणून. मला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिसेगावला गेलो. दाजींनी गादीवर बसवलं, पांढरी चादर, सुरकुती नाही. अक्काने चहा आणला, कपबशीत. मी सरळ विचारलं, त्या दिवशी तुमची टाच पाटाला लागली होती का.

दाजींनी बशीतला चहा संपवला. बशी खाली ठेवली, आवाज न करता. "दामू, आठ वर्षांनी हे काय काढलंस?"

"टाच लागली होती का?"

"अरे, चुकलं म्हणून तूच म्हणालास. मी म्हणालो का, तू पाडलीस? एक शब्द तरी? मी आपलं असू दे म्हटलं. सांभाळूनच घेतलं तुला."

समोरचा बोलत असताना गप्प राहायचं मला येतं. दाजींनी धोतराचा काठ सरळ केला. "आणि समज, लागली असेल. तेव्हा सांगून काय झालं असतं? जावयाच्या पायाने अधोली गेली म्हणून आबांच्या जिवाला लागलं असतं. तुझं काय रे, तुझ्याकडून लोकांनी धरूनच ठेवलेलं असतं."

हे ते अगदी प्रेमाने म्हणाले. माझ्या हातून आजवर शेकडो वस्तू पडल्या, त्यातली एकही मी दुसऱ्याच्या गळ्यात घातली नाही. या माणसाकडून जन्मात एक वस्तू पडली, आणि तेवढी एक त्यांना स्वतःच्या नावावर ठेवता आली नाही. धोतराला डाग नको म्हणून मागे सरकले आणि मग नावाला डाग नको म्हणून माझ्यामागे सरकले. स्वच्छ माणसं म्हणतात ती हीच. यांच्या कचऱ्याला नेहमी दुसऱ्याचं अंगण मिळालेलं असतं.

मी कप खाली ठेवायला गेलो आणि बशी चुकली. सगळा चहा पांढऱ्या चादरीवर पसरला, दाजींच्या मांडीपर्यंत. अक्का फडकं घेऊन धावली. माझ्या तोंडात ते वाक्य आलं, अर्धं बाहेरही आलं. बाकीचं मी गिळलं. "असू दे, अक्का," मी म्हणालो. "होतं असं."

दाजींनी तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. दारापर्यंत अक्का सोडायला आली. मी विचारलं, तुला माहीत होतं का. ती म्हणाली, जेवून जा. मी जेवलो नाही.

लोक मला सांगतात, जाऊ दे. तुझं चांगलंच झालं. अधोली फुटली नसती तर कडावात चिखल तुडवत बसला असतास, आज कर्जतच्या बाजारात तुझं दुकान आहे. असं सांगणाऱ्यांना मी दुकानातून उठवतो. दुकान मी माझ्या पाठीवर गासड्या वाहून उभं केलं, दाजींच्या टाचेने नाही. आणि मला लाभ म्हणायचं होतं. एकदा. आबांच्या समोर, दुसऱ्याच्या नाही, आमच्या अधोलीने. ते दुकानात मिळत नाही.

फुटकी अधोली आईने टाकली नव्हती. इतकी वर्षं तिच्यात आमसुलं ठेवत होती. मी ती मागून आणली, आतून अजून आंबट वास येतो. आईला मी कारण सांगितलेलं नाही. ते तिने माझ्या तोंडून ऐकायचं नाही. माझ्या तोंडून तिने तेव्हा एकदा ऐकलंच आहे. ती अजून दर सुगीला म्हणते, "लांबूनच बघ हं, दामू."

यंदाची रास मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी भरायची ठरली आहे. मी ही अधोली घेऊन येणार आहे आणि त्याच कडेला, त्याच पाटावर ठेवणार आहे. दाजी, हे तुम्ही वाचणार, मला माहीत आहे. वाचून झाल्यावर जुन्या घडीवर घडी घालाल. घाला. पण गुरुवारी या. आई असेल, अक्का असेल, चांगुणालाही मी गाडीतून आणणार आहे. राखेची रेघ ओढून होऊ दे, उदबत्ती लागू दे. मग तुम्ही सोगा खोचून लाभ म्हणायच्या आधी सगळ्यांसमोर माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. मी या वेळी वाकलेला नसेन, तुमच्याकडे तोंड करून उभा असेन.

दाजी, अधोली कोणाच्या पायाने गेली?